‘इतर’ खर्च

जगात जेवढी म्हणून घरगुती बजेटं मोडतात, ती सगळी ‘इतर’ या एका शब्दापायी मोडतात, असं घड्याळबाईचं ठाम मत झालं होतं. हप्ता, वीज, शाळा, किराणा ही बिचारी सरळ माणसं. महिन्यातून एकदा येतात, आपला वाटा घेतात आणि जातात. ‘इतर’ मात्र घरजावयासारखा. कधी आला ते कुणाला आठवत नाही, किती खातो ते कुणी विचारत नाही, आणि वाढायच्या आधी पानावर हजर.

घड्याळबाई शहराची बस चालवायची. हे नाव तिला डेपोत पडलं होतं. फेरी एक मिनिट उशिरा सुटली तरी तिचा चेहरा असा व्हायचा, की उशिरा आलेले प्रवासीच तिची माफी मागायचे. तिचा नवरा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर माणसांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे आणि हा एका छोट्या वर्कशॉपात बसून त्यावर दात बसवायचा, सकाळी नऊपासून रात्री साडेसातपर्यंत. घरात दोन मुलं होती. थोरली नऊ वर्षांची, धाकटा चारचा.

घड्याळबाईची मूळ ड्युटी सकाळी आठ ते साडेचार. मग घाईघाईत एक चहा, आणि सोमवार ते शुक्रवार पाच ते आठ ‘जादा’, म्हणजे गर्दीच्या वेळच्या वाढीव फेऱ्या. जादाचे महिन्याला सात हजार दोनशे वेगळे मिळायचे. धाकटा एक वर्षाचा होता आणि घराचा हप्ता नुकताच सुरू झाला होता, तेव्हा तिने जादा धरली ती धरलीच. मुलं शाळेतून परस्पर पुढच्या गल्लीत मावशींकडे जायची. शनिवारी नवऱ्याला अर्धा दिवस, म्हणून त्या दिवशी मुलांना तोच आणायचा. या मावशी नात्यातल्या नव्हत्या, आठ-दहा मुलं सांभाळणं हा त्यांचा व्यवसाय. घड्याळबाई साडेआठला तिथे पोचायची. पेंगुळलेला धाकटा खांद्यावर, त्याचं दप्तर गळ्यात, थोरली मागून जांभया देत, अशी वरात घरी यायची.

गेल्या महिन्यात एका रविवारी धाकट्याने तिच्याकडे रबर मागितलं. स्वच्छ, ठणठणीत ‘रबर’. तोवर तो ‘लबल’ म्हणायचा. घड्याळबाईने त्याला उचलून गरगर फिरवलं, पुन्हा म्हणायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी मावशींच्या दारात चप्पल काढायच्या आधी बातमी दिली, “मावशी, याला ‘र’ यायला लागला!”

“अहो ताई, त्याला झाले की पंधरा दिवस,” मावशी म्हणाल्या. “आम्ही सगळ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या त्या दिवशी. तुम्हाला माहीत नव्हतं?”

नव्हतं. मधल्या रविवारी तो ‘र’ असलेलं काही बोलला नसेल, किंवा बोलला असेल आणि वॉशिंग मशीन सुरू असेल. घड्याळबाईने चप्पल काढलीच नाही, पोराला खांद्यावर टाकून ती निघाली. रोज संध्याकाळी हजारभर लोकांना त्यांच्या-त्यांच्या घरी सोडते मी, आणि माझ्या पोराचा ‘र’ मला शिळा मिळतो, असं तिला वाटलं आणि फार राग आला. कुणाचा, ते काही ठरवता येईना.

त्याच आठवड्यात डेपोच्या फळ्यावर सूचना लागली. जादाची यादी वर्षातून एकदाच नवी होते. ज्यांना नाव काढायचं असेल त्यांनी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत चिठ्ठी द्यावी, नंतर वर्षभर बदल होणार नाही. घड्याळबाईने सूचना दोनदा वाचली. आणखी एक वर्ष म्हणजे धाकटा पाचाचा. तेवढ्या वेळात अजून काय-काय शिळं मिळेल याची यादी तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाली. सात हजार दोनशे वजा करून घर चालतं का, एवढंच आता बघायचं होतं. त्यासाठी हवं होतं एक बजेट. एक साधा कागद. बजेट करायला असं किती वेळ लागतो?

पहिल्या रविवारी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले. कवळीवाल्याने टोकदार पेन्सिल घेतली, पट्टीने रेघा मारल्या, देखणे आकडे काढले. दाताच्या बाबतीत केसाएवढा फरक झाला तरी कवळी पुन्हा नव्याने करणारा हा माणूस, पैशाची गोष्ट निघाली की एकदम उदार व्हायचा.

“इतर,” त्याने लिहिलं. “साधारण पाच हजार.”

“साधारण म्हणजे?”

“म्हणजे पाच.”

“मग पाच लिही ना. साधारण कशाला?”

“सातही असतील.”

“सात आणि पाच एकच का?”

“अगं, दोन्हीच्या मध्ये धर.”

एवढ्यात वॉशिंग मशीनखालून पाणी आलं, थोरलीला उद्या शाळेत पुठ्ठ्याचं घर न्यायचंय हे आत्ताच आठवलं, आणि धाकट्याने बजेटच्या कागदावर एक हिरवा हत्ती काढला. हत्ती नेमका ‘इतर’वर बसला होता. दुरुस्तीवाला येऊन गेला, त्याचे पैसे कुठे लिहायचे यावर अर्धा तास गेला आणि शेवटी ते ‘इतर’मध्येच गेले.

दुसऱ्या रविवारी फोनवर नणंद होती. ती एका कंपनीत पगारपत्रकं बघायची आणि सगळ्या जगाचे पगार तिला पुरतात असा तिचा सूर असायचा. “वहिनी, सोप्पं आहे हो. पन्नास टक्के गरजा, तीस टक्के आवडीनिवडी, वीस टक्के बचत. एवढं पाळलं की झालं.” फोन ठेवल्यावर दोघांनी इमानदारीने मांडून पाहिलं. गरजाच शंभरात चौऱ्याण्णव झाल्या.

“म्हणजे आवडीनिवडींना सहा राहतात,” कवळीवाला म्हणाला.

“बचत विसरलास.”

“मग आवडीनिवडी उणे चौदा.”

“उणे आवडीनिवडी म्हणजे काय रे? नावडत्या गोष्टी करायच्या? त्या तर रोजच करतो आपण.”

आकडा मात्र स्वच्छ सांगत होता. जादाचे धरले तर महिना कसाबसा पुरतो, काढले तर सात हजारांचं भोक. कवळीवाल्याने पेन्सिल खाली ठेवली आणि फार हळू आवाजात म्हणाला, “नाही जमणार गं यंदा. पुढच्या वर्षी बघू.” तो वाईट माणूस असता तर भांडता तरी आलं असतं. तिने कागदाचा बोळा केला आणि कुकर लावायला उठली. भांडी त्या दिवशी जरा जास्तच वाजली.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण सगळ्या घोळाचं मूळ तिच्यात होतं. लग्नाच्या वर्षीच या दोघांनी, पैशांवरून भांडणं नकोत म्हणून, एक करार केला होता. तिच्या पगारातून हप्ता, शाळा, वीज. त्याच्या पगारातून रोजचं सगळं. आपला आपला डबा आपण सांभाळायचा, दुसऱ्याच्या डब्यात डोकवायचं नाही. करार दोघांनीही इतका प्रामाणिकपणे पाळला, की तशा प्रामाणिकपणाला शिक्षाच व्हायला हवी. बाविसाव्या तारखेच्या आसपास कवळीवाला ओशाळून विचारायचा, “थोडे आहेत का गं?” आणि ती जादाचे सात हजार त्याच्याकडे वळते करायची. बरं झालं आपण जादा करतो, असं तिला दर महिन्याला वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात तिला डेपोतली पद्धत आठवली. एखादा मार्ग रोज उशिरा धावायला लागला, की डेपोत कुणी चालकावर ओरडत बसत नाही. एक माणूस कागद घेऊन बसमध्ये बसतो आणि आठवडाभर प्रत्येक थांब्यावरची वेळ लिहितो. बाकी काही नाही, फक्त वेळ. मिनिटं कुठे सांडतात ते कागदच सांगतो. तिच्या स्वतःच्या मार्गावर रोज अकरा मिनिटं जायची. तिने गर्दीला दोष दिला होता, वाहतूक पोलिसांना दिला होता, सिग्नलला दिला होता. कागदाने सांगितलं, अकरातली नऊ मिनिटं एका बेकरीसमोर जातात, तिथे पावाची गाडी आडवी लागते म्हणून.

शुक्रवारी रात्री तिने फ्रिजवर कागद चिकटवला. “उद्यापासून जो खर्च करेल त्याने इथे लिहायचं. काय घेतलं, किती झाले आणि किती वाजता.”

“किती वाजता कशाला?” कवळीवाला म्हणाला. “पावाला काय मुहूर्त असतो?”

“लिही म्हटलं ना. आणि साधारण लिहायचं नाही. ‘साधारण सहा’ असं दिसलं तर बघ.”

त्याने लिहिलं. सकाळी सहा वाजून बारा मिनिटं, संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटं, असं दातांच्या कारागिराला शोभेलसं लिहिलं. थोरलीनेही स्वतःचा एक खोडरबर चार वाजून पाच मिनिटांनी नोंदवला.

पुढच्या शनिवारी, म्हणजे त्या शेवटच्या शनिवारीच, तिने निघताना तो कागद फ्रिजवरून काढून खिशात घातला. साडेदहाच्या फेरीनंतर शेवटच्या थांब्यावर तिला अकरा मिनिटं मोकळी होती. दार बंद करून, स्टिअरिंगवर कागद पसरून, लाल पेनने ती एकेका ओळीवर खूण करू लागली. सकाळचं दूध, पाव, अंडी यांच्याबद्दल काही म्हणणंच नव्हतं. पण ‘इतर’ नावाचं जे-जे होतं, ते, थोरलीचा खोडरबर सोडला तर, सगळं संध्याकाळी पाचनंतरचं होतं. सगळंच. सकाळी एक नाही, दुपारी एक नाही. सात-चाळीस, तयार जेवण. दुसऱ्या दिवशीही सात-चाळीस, तयार जेवण. सहा-वीस, टॅक्सी: मावशींनी थोरलीला शिकवणीहून आणलं, बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून. सात-पन्नास, कपडे धोब्याकडे टाकले, मशीन लावायला घरी कुणी नाही म्हणून. आठ वाजता, धाकट्याला खेळण्यातला ट्रक. या ट्रकपुढे कवळीवाल्याने कंसात लिहिलं होतं, ‘मावशींच्या खिडकीशी वाट बघत उभा होता.’

आठवड्याचे झाले बाराशे. महिन्याचे चार हजार आठशे. मग तिला आठवलं, मावशी पाचनंतरच्या तासांचे वेगळे लावतात, अठराशे. आणि थोरलीची शिकवणी, बाराशे. ती तरी का लावली होती? संध्याकाळी अभ्यासाला घेऊन बसायला घरात कुणी नसतं म्हणून.

सात हजार आठशे.

तिने पुन्हा बेरीज केली. मग मोबाइलवर केली. मोबाइलही तेच म्हणाला. जादाचे मिळतात सात हजार दोनशे आणि जादासाठी जातात सात हजार आठशे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! बस डेपोची, डिझेल डेपोचं, घाम हिचा, आणि एवढं करून दर महिन्याला सहाशे हिनेच भरायचे.

तिने नवऱ्याला फोन लावला.

“हातात साचा आहे गं. पटकन बोल.”

“बाविसाव्या तारखेला तू माझ्याकडून पैसे घेतोस. ते कशाला लागतात?”

“रोजच्या खर्चाला. कमी पडतात ना.”

“कशाने कमी पडतात?”

“आता जेवण आणावं लागतं, टॅक्सी होते... तू दमून येतेस. तुला आणखी ओट्याशी कुठे उभं करू?”

“आणि मी जादा का करते?”

पलीकडे मशीन घरघरत होतं. “तुला... तुझे म्हणून थोडे वेगळे पैसे हवे असतील, असं वाटायचं मला. मी कधी विचारलं नाही. आपलं ठरलंच होतं ना तसं.”

“वेगळे? अरे, मी तुलाच देते की ते सगळे!” तिचा आवाज एवढा चढला की बाहेर थांब्यावर उभ्या असलेल्या आजोबांनी दारापासून एक पाऊल मागे घेतलं. “तुला कमी पडतात म्हणून मी जादा करते. आणि मी जादा करते म्हणून तुला कमी पडतात. कळतंय का तुला? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!”

“म्हणजे आपण... तीन वर्षं?”

“तीन वर्षं.”

मशीन बंद झालं. “साधारण किती गेले असतील?”

“साधारण म्हणालास तर हा फोन काचेबाहेर फेकीन. एकवीस हजार सहाशे.”

“देवा,” कवळीवाला म्हणाला. आणि मग, एवढ्या वेळात पहिली शहाणी गोष्ट, “चिठ्ठी किती वाजेपर्यंत द्यायची आहे?”

तिने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटांनी सुटायला हवं होतं आणि तेरा झाली होती. नोकरीतल्या नऊ वर्षांत पहिल्यांदा तिची फेरी तिच्यामुळे उशिरा सुटली. आजोबा चढताना म्हणाले, “चालायचंच, बाई. घरोघरी तेच.” त्यांना काय कळलं होतं कुणास ठाऊक, पण तिला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं नाही.

बस डेपोत पोचली ती बाराला अकरा मिनिटं कमी असताना. ड्युट्या लावणारा कारकून डबा उघडायच्या बेतात होता. त्याने चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “ताई, नीट विचार केलात ना? सात हजार सोडताय. वर्षभर परत मिळायचे नाहीत. परवडणार आहे का?”

“नाही परवडत म्हणूनच सोडतेय.”

“अं?”

“जादा करायची म्हणजे घरी पैसा लागतो, साहेब. आमच्याकडे एवढा नाही.”

कारकुनाला हे झेपलं नाही. त्याने शिक्का मारला. पण ती दारापर्यंत गेल्यावर त्याने मागून हाक मारली, “काय हो, तुम्ही हे काढलंत कसं?” तिने सांगितलं. काय, किती, आणि किती वाजता. कारकुनाची बायको दवाखान्यात दोन पाळ्या करायची. त्याने डबा बाजूला सरकवला, एक कोरा कागद ओढला आणि त्यावर बराच वेळ काहीच लिहिलं नाही.

घरी रविवारी बजेट झालं. पाऊण तासात झालं. दोघांचे डबे एकत्र ओतले, शिकवणी बंद, टॅक्सी बंद, मावशींकडे फक्त पाचपर्यंत. महिन्याला सहाशे उरत होते. कवळीवाल्याने ते दोनदा तपासले. ‘इतर’ला त्याने वेगळा रकानाच ठेवला नाही. जेवण आता रोज तिनेच करायचं का, हा प्रश्न निघाला, आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी निघायच्या आधी त्याने करून ठेवायचं असं ठरलं. त्याला फक्त अंडी आणि मसूर येत होते. “तेच खाऊ,” ती म्हणाली. एवढी खूश ती बऱ्याच दिवसांत झाली नव्हती, पण एकवीस हजार सहाशे आठवले की मध्येच पुन्हा चिडायची आणि हातात असेल ते आपटायची.

सोमवारी साडेचारला तिने बस जमा केली आणि चालतच निघाली. त्या रस्त्याने ती रोज यायची, पण उजेडात कधी नाही. वाणसामानाच्या दुकानाशेजारी चांभार बसतो हे तिला आज कळलं. मावशींच्या दारात पोचली तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं कमी होती. आत जमिनीवर सतरंजी, भिंतीला ओळीने टेकवलेली दप्तरं, कोपऱ्यात वह्यांत डोकी खुपसून बसलेली मुलं.

थोरलीने मान वर केली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. “आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“काही नाही झालं गं. आजपासून लवकर येणार मी. रोज.”

थोरलीने खात्री करून घेण्यासाठी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं, आणि मग पळत जाऊन दप्तर उचललं. धाकटा ठोकळ्यांचा पूल रचत होता. तो उठला नाही. त्याने आईकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर रस्त्याकडे पाहिलं, आणि समजावून सांगावं तसा म्हणाला,

“अजून दिवे लागले नाहीत. तू आत्ता नसतेस.”

त्यात एकही ‘र’ नव्हता, पण शब्दन् शब्द तिला स्वच्छ ऐकू आला. मावशी उगाच हसल्या, “अहो, सवय हो ताई, लहान आहे,” आणि आत पाणी आणायला गेल्या. घड्याळबाईला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. थोरली दप्तर पाठीला लावून दारात उभी होती, एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत.

“दिवे लागले की ये हं,” धाकटा म्हणाला आणि पुढचा ठोकळा घेतला.

“बरं,” घड्याळबाई म्हणाली. तिने चपला काढल्या, ओळीत नीट लावल्या आणि त्याच्या पुलाच्या या बाजूला सतरंजीवर येऊन बसली. थोरलीनेही दप्तर उतरवलं. दिवे लागायला अजून दोन तास होते.